लष्करी अळीवरचे परोपजीवी कीटक डीएनएवरून ओळखायचे कसे: अंडीपुंजापासून नावापर्यंत

मक्याच्या पानावरून लष्करी अळीचा अंडीपुंज आणायचा, त्यातून निघालेल्या बारीक गांधीलमाश्या पंधरा-वीस एकत्र करून डीएनए काढायचा, सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात) शोधायला टाकायचा आणि सगळ्यात वर जे नाव येईल ते प्रबंधात लिहायचे. ही वाट सोपी वाटते, म्हणूनच तिच्यावर गर्दी आहे. अशा कामात सिक्वेन्स सहसा चुकत नाही. तो भलत्याच जिवाचा येतो: अळीचा, जिवाणूचा, नाहीतर शेजारच्या ट्यूबमधल्या कीटकाचा. यंत्राला त्याचे काही वाटत नाही, ते गुपचूप अक्षरे छापून देते.

पुढचे टप्पे मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीला धरून लिहिले आहेत, कारण तिच्यावर एकाच शेतात अनेक परोपजीवी, म्हणजे तिच्या अंड्यात किंवा अंगात वाढून तिला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, सापडतात. अंड्यांवर ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस रेमस, अंड्यात शिरून पुढे अळीतून बाहेर पडणारा चेलोनस, लहान अळ्यांवर कॅम्पोलेटिस क्लोरिडी आणि कोटेसिया. कापसावरचा पिठ्या ढेकूण किंवा संत्र्यावरची सायला असली तरी कामाचा क्रम हाच ठेवायचा.

## १. प्रश्न आणि मार्कर आधी ठरवा

तुम्हाला शेतातले परोपजीवी कोणते ते पाहायचे आहे, की ट्रायकोकार्डावर (ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेल्या, शेतात लावायच्या कार्डावर) विकली जाणारी प्रजाती लेबलावरचीच आहे का ते तपासायचे आहे? पहिल्या कामात ओळखीसाठी डीएनएचा कोणता भाग, म्हणजे मार्कर, वापरायचा हे गटावर अवलंबून असते. दुसऱ्या कामात ते जवळजवळ ठरलेलेच आहे.

ट्रायकोग्रामासाठी आयटीएस-२ हा केंद्रकातल्या डीएनएचा भाग आधी घ्या. या वंशातल्या प्रजाती दिसायला इतक्या सारख्या असतात की नराचे जननांग पाहिल्याशिवाय तज्ज्ञही नाव देत नाहीत. आयटीएस-२ मात्र प्रजातीनुसार लांबीनेही बदलतो आणि अक्षरांनीही. सीओआय, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातले एक जनुक, सोबत जरूर करा, पण एकट्या सीओआयवर ट्रायकोग्रामाचे नाव ठरवू नका. टेलेनोमस, चेलोनस, कॅम्पोलेटिस आणि कोटेसियासाठी सीओआय पहिला, आणि जोडीला २८एस (हाही केंद्रकातलाच भाग) किंवा आयटीएस-२.

एका मार्करवर थांबायचे नाही, हे आत्ताच अंदाजपत्रकात लिहून ठेवा. पैसे संपल्यावर दुसरा मार्कर कोणी करत नाही.

## २. शेतात जाण्याआधीची तयारी

सोबत न्यायच्या वस्तू: झाकणाच्या काचेच्या कुप्या किंवा जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल, बारीक ब्रश, कात्री, झिप पिशव्या, थर्मोकोलचा डबा, शिसपेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. प्रयोगशाळेत ९५ ते १०० टक्के इथेनॉल आणि उणे २० अंशांचा फ्रीझर तयार हवा.

पेन्सिलच का? बॉलपेन आणि जेलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते, लेझर प्रिंटरची अक्षरेही सुटून तरंगतात. चिठ्ठी ट्यूबच्या आत टाका, बाहेरचा मार्कर पेनने लिहिलेला नंबर फक्त सोयीसाठी.

सावधान: फॉर्मालिन, औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट आणि रंगकामाचे डिनेचर्ड स्पिरिट चालत नाही. मारण्याच्या बाटलीतले इथाइल अॅसिटेटही डीएनएची नासाडी करते. कीटक जिवंत असताना थेट इथेनॉलमध्ये टाका, किंवा आधी फ्रीझरमध्ये गारठवून मग टाका.

## ३. नमुना गोळा करणे आणि नोंद

अंडीपुंज शोधताना पानाच्या दोन्ही बाजू पाहा. लष्करी अळीचा पुंज बहुधा केसाळ, राखाडी खवल्यांनी झाकलेला असतो. तो पानाच्या तुकड्यासकट कापा, सोलून काढू नका. अळ्यांसाठी पोंगा उघडा आणि लहान अळ्या घ्या. पोंग्यात शिरलेली मोठी जाड अळी आणायचा मोह होतो, पण कॅम्पोलेटिससारखे परोपजीवी यजमानाला, म्हणजे ज्या अळीवर ते वाढतात तिला, लहानपणीच संपवतात. मोठ्या अळ्याच आणल्या तर ते तुमच्या यादीत येणारच नाहीत.

प्रत्येक पुंजाला आणि प्रत्येक अळीला स्वतंत्र नंबर द्या. सोबत लिहा: तारीख, गाव, तालुका, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, पिकाची अवस्था, शेवटची फवारणी, आणि आसपास ट्रायकोकार्ड लावली होती का. हा शेवटचा प्रश्न शेतकऱ्याला विचारायचा राहून जातो, मग सोडलेला कीटक नैसर्गिक म्हणून नोंदला जातो.

तपासणी: यजमान खरेच लष्करी अळी आहे का? तंबाखूवरील पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा, हिचे पुंजही केसाळ असतात. पुंजातून निघालेल्या काही अळ्या वाढवा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात चार काळे ठिपके दिसले, तर यजमान पक्का. एक-दोन अळ्या इथेनॉलमध्ये राखून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

## ४. परोपजीवी बाहेर काढणे: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बहुतेक चुकांचे मूळ या टप्प्यात सापडते. एक पुंज एका कुपीत, एक अळी एका कुपीत, एक कोष एका कॅप्सूलमध्ये. याला अपवाद नाही. लष्करी अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे एकत्र ठेवल्या तर यजमानही जातो आणि परोपजीवीही.

लष्करी अळीची अंडी साधारण दोन-तीन दिवसांत उबतात. पुंज आणल्यावर रोज सकाळी पाहा आणि निघालेल्या अळ्या ब्रशने बाजूला काढा. त्या फेकू नका. चेलोनस अंड्यातच आपले अंडे घालतो आणि यजमान अळी वाढल्यावर तिच्यातून बाहेर येतो. म्हणजे पुंजातून अळी निघाली याचा अर्थ ते अंडे वाचले असा होत नाही. तिला मक्याच्या कोवळ्या पानावर वेगळी वाढवा आणि नंबर तोच, पुढे उपक्रमांक लावून.

परोपजीवी असलेली अंडी काही दिवसांत काळी, चकचकीत होतात. उबण्याआधी निरोगी अंडेही गडद दिसते, कारण आतल्या अळीचे काळे डोके कवचातून दिसते. त्यामुळे एकदा पाहून ठरवू नका. पुंजातल्या बाकीच्या अळ्या निघून गेल्यावरही जे अंडे काळेच राहते, ते आपले.

कुपीत ओलावा हवा, पण थेंब नको. ट्रायकोग्रामाची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, काचेवर जमलेल्या पाण्याच्या थेंबात तो बुडून मरतो. मध द्यायचा असेल तर सुईच्या टोकाने केसाएवढी रेघ ओढा. जास्त मध लावला की कीटक त्यात चिकटतात, आणि मधात परागांचा, म्हणजे झाडांचा, डीएनए असतो हेही लक्षात ठेवा.

अळीजवळ कोष दिसला की मेलेली अळी आणि कोष लगेच वेगळे करा. कोटेसिया आणि कॅम्पोलेटिसच्या कोषांवर दुय्यम परोपजीवी, म्हणजे परोपजीवींवरचे परोपजीवी, येतात. कोषातून जो निघाला तोच अळीचा शत्रू, असे गृहीत धरलेत तर शत्रूच्या शत्रूला मित्रकीटक म्हणून नोंदवाल. कोषावरच्या भोकाचा फोटो घ्या आणि रिकामा कोषही जपून ठेवा.

सावधान: एका पुंजातून ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस दोन्ही निघू शकतात. ‘सगळे भाऊबंदच आहेत’ म्हणून एकावरून बाकीच्यांचे नाव लिहू नका.

बाहेर आल्यावर कीटकांना काही तास जगू द्या, पंख पसरतील आणि पोटातले यजमानाचे अवशेष बाहेर पडतील. मग इथेनॉल. एका दिवसानंतर इथेनॉल एकदा बदला, कारण कीटकाच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होते.

## ५. डीएनएआधी डोळ्यांनी ओळख

सूक्ष्मदर्शकाखाली निदान वंशापर्यंत पोचा, म्हणजे पुढे येणारा सिक्वेन्स शक्य आहे की नाही ते कळेल. पहिली झटपट कसोटी: पायाच्या शेवटच्या भागात, म्हणजे टार्ससमध्ये, खंड किती? तीन असतील तर ट्रायकोग्रामाचे कुळ. काळा चकचकीत, कोपरासारख्या वाकलेल्या शृंगिकांचा आणि पाच खंडांचा असेल तर टेलेनोमसकडे बघा. ट्रायकोग्रामाचे डोळे लाल आणि पंखांवरचे केस ओळींत असतात. नराच्या शृंगिकेवर लांब केस दिसतात, मादीची शृंगिका आखूड आणि गदेसारखी.

प्रत्येक कीटकाचे वरून आणि बाजूने असे दोन फोटो, नंबरासह. मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला लावून काढलेला फोटोही चालतो.

पुंजांमागून पुंज फक्त माद्याच निघत असतील तर वोल्बाकिया या जिवाणूची शंका घ्या. ट्रायकोग्रामात त्याच्यामुळे माद्या नराविनाच माद्या जन्माला घालतात. अशा वसाहतीत जननांगावरून ओळख अडते आणि आयटीएस-२ अपरिहार्य होतो.

## ६. कीटक न चिरडता डीएनए काढणे

कुस्करून डीएनए काढला की पुरावा गेला. नावाबद्दल पुढे वाद झाला तर दाखवायला काही उरत नाही. म्हणून शाबूत कीटक बुडवण्याची पद्धत वापरा:

१. कीटक इथेनॉलमधून काढून स्वच्छ पाण्यात क्षणभर धुवा आणि टिपकागदावर कोरडा करा. इथेनॉल राहिले तर पीसीआर, म्हणजे हव्या त्या डीएनए तुकड्याच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडतो.

२. एक ट्यूब, एक कीटक. डीएनए काढण्याच्या किटमधले लायसिस बफर (पेशी फोडणारा द्रव) आणि प्रोटिनेज-के (प्रथिने तोडणारे विकर) घाला. ५६ अंशांवर रात्रभर ठेवा.

३. सकाळी बारीक ब्रशने किंवा तोंड कापलेल्या पिपेट टिपने कीटक उचला, ७० टक्के इथेनॉलमध्ये टाका. तो फिकट, पारदर्शक झालेला असेल. ट्रायकोग्रामाच्या स्लाइडसाठी हे उलट सोयीचे पडते.

४. उरलेल्या द्रवातून किटच्या सूचनेप्रमाणे डीएनए काढा. शेवटी ३० ते ५० मायक्रोलिटरमध्येच उतरवा. किटवर २०० लिहिले असते, पण एवढ्याशा कीटकाचा डीएनए २०० मध्ये पसरला तर हाती पाणीच लागते.

कार्डाची शुद्धता तपासताना, जिथे कीटक भरपूर आहेत, तिथे ५ टक्के चेलेक्स (रेझिनचे बारीक मणी) स्वस्त पडते: प्रोटिनेज-केसह ५५ अंशांवर काही तास, मग ९५ अंशांच्या वर १० मिनिटे. नंतर सेंट्रिफ्यूज करून फक्त वरचा द्रव घ्या. चेलेक्सचे मणी पीसीआरमध्ये गेले तर ते मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि जेलवर वाढलेल्या डीएनएचा पट्टा येत नाही. मग दोष प्रायमरला, म्हणजे कोणता तुकडा वाढवायचा हे ठरवणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांना, दिला जातो.

सावधान: प्रत्येक खेपेत एक ट्यूब कीटकाविना चालवा. तिच्यात पुढे पट्टा आला तर ती सगळी खेप बाद.

एका ट्रायकोग्रामाचा डीएनए नॅनोड्रॉपवर मोजत बसू नका. तिथला आकडा इतका खाली असतो की त्याचा अर्थ लागत नाही. पीसीआर करून पाहणे हीच खरी मोजणी.

## ७. पीसीआर आणि जेल

२५ मायक्रोलिटरसाठी: मास्टर मिक्स १२.५, दोन्ही प्रायमर १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी १, डीएनए २, पाणी ८.५.

सीओआयसाठी फोल्मर प्रायमर, म्हणजे एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८. ९४ अंशांवर २ मिनिटे. मग ३५ फेऱ्या, प्रत्येकीत ९४ वर ३० सेकंद, ४८ ते ५० वर ४५ सेकंद, ७२ वर १ मिनिट. शेवटी ७२ वर ७ मिनिटे. आयटीएस-२ साठी मधले तापमान ५३ ते ५५. १.५ टक्के अगारोजवर सीओआयचा पट्टा ७०० च्या जरा वर हवा. प्रायमर कापल्यावर ६५८ बेसचा (अक्षरांचा) बारकोड, म्हणजे ओळखीचा ठरलेला तुकडा, उरतो.

पट्टा आला नाही तर आधी डीएनए दहापट पातळ करून पाहा, मग दुप्पट घालून, मग तापमान उतरवून. फेऱ्या ४० च्या पुढे नेऊ नका, तिथे हवेतली घाणही वाढते. अगदी बारीक गांधीलमाश्यांत फोल्मर प्रायमर वारंवार फसतात. तेव्हा त्याच गटासाठी छापून आलेले प्रायमर शोधा.

डीएनए काढण्याचे टेबल आणि पीसीआर उघडायचे टेबल वेगळे ठेवा, शक्य असेल तर खोलीच वेगळी.

## ८. सिक्वेन्स वाचणे

दोन्ही दिशांनी सिक्वेन्स करून घ्या. गांधीलमाश्यांच्या सीओआयमध्ये ए आणि टी यांची रेलचेल असते. सलग टी-टी-टी आले की पुढचा आलेख चुरगळतो. दुसऱ्या दिशेने आलेला सिक्वेन्स तो भाग सावरतो.

फाइल उघडल्यावर आधी अक्षरे नव्हे, क्रोमॅटोग्रामचे, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखाचे, शिखर पाहा. दोन्ही टोकांचा अस्पष्ट भाग कापा. जागोजाग दुहेरी शिखरे असतील तर सीओआयमध्ये दोन शक्यता: मिसळ झाली आहे, किंवा केंद्रकात जाऊन बसलेली सीओआयची खोटी प्रत वाढली आहे. आयटीएस-२ मध्ये दुहेरी शिखरे एका कीटकाच्या आतल्या प्रतींतल्या फरकामुळेही येतात. मग क्लोनिंग, म्हणजे त्या प्रती वेगळ्या करून एकेक वाचणे, करावे लागते.

तपासणी: सीओआयचे अमिनो आम्लांत रूपांतर करा. मधेच थांब-संकेत आला तर तो खरा सीओआय नाही. पण हे करताना अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा संकेततक्ता निवडा, म्हणजे ५ क्रमांकाचा. सर्वसाधारण तक्ता ठेवला तर टीजीए हा थांब-संकेत दिसतो आणि चांगला सिक्वेन्स तुम्ही हकनाक टाकून देता.

## ९. ब्लास्ट आणि बोल्ड: निकाल कसा वाचायचा

ब्लास्ट जेनबँकेतले, तर बोल्ड बारकोडांच्या साठ्यातले जुळणारे सिक्वेन्स शोधून देते. इथे घाई सगळ्यात महाग पडते. आधी निकालात कोणता जीव आहे ते पाहा.

स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, म्हणजे लष्करी अळीच, ९९-१०० टक्के? तुम्ही यजमान वाचला आहे. तुमच्याकडे राखून ठेवलेल्या अळीचा सिक्वेन्स असेल तर खात्री पटकन होते. कार्डावरच्या कीटकात कॉर्सिरा (धान्यावरचा पतंग) निघाला तर तोही यजमानच, कारण कार्डे त्याच्या अंड्यांवर बनतात. वोल्बाकिया आला तर आश्चर्य नको, फोल्मर प्रायमर त्याचाही सीओआय वाढवतात. माणूस आला तर हातमोजे बदला.

वंश जुळला की दोन आकडे एकत्र वाचा: साम्य किती टक्के, आणि तुमच्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला. आयटीएस-२ च्या दोन्ही बाजूंचे ५.८एस आणि २८एस हे भाग दूरच्या प्रजातींतही जवळपास सारखे असतात. तेवढाच तुकडा जुळून ९९ टक्के साम्य दाखवतो आणि मधला, खरा कामाचा भाग जुळलेलाच नसतो. कडा कापून फक्त आयटीएस-२ पुन्हा टाका.

मग पहिल्या नावावर न थांबता पहिल्या वीस नोंदी उघडा. प्रत्येकीत पाहा: जतन केलेल्या नमुन्याचा क्रमांक आहे का, कोणी ओळखले, यजमान कोणता, देश कोणता. जेनबँकेत चुकीच्या नावाच्या नोंदी आहेत, आणि एका चुकीच्या नोंदीवरून दुसऱ्याने आपले नाव लिहिले की चूक दोनदा दिसते आणि दुप्पट खरी वाटते. गावातली अफवा अशीच पक्की होते. तज्ज्ञाने ओळखलेल्या नमुन्याची एक नोंद अशा दहा नोंदींपेक्षा भारी.

एकाच सिक्वेन्सला दोन नावे आली तर दोन प्रजाती मानण्याआधी नामावली पाहा. कापसावरच्या पिठ्या ढेकणावरचा परोपजीवी २००९ मध्ये एनासियस बंबावालेई या नावाने नोंदला गेला. पुढे तो आधीच वर्णन झालेला एनासियस अॅरिझोनेन्सिसच आहे असे ठरले. डेटाबेसमध्ये दोन्ही नावे अजून भेटतात.

‘९८ टक्के म्हणजे तीच प्रजाती’ असा कायदा नाही. काही वंशांत जवळच्या प्रजातींतला फरक त्याहून कमी असतो. मेगासारख्या सॉफ्टवेअरमध्ये जवळच्या सगळ्या प्रजातींचे सिक्वेन्स घेऊन वृक्ष काढा. तुमचा कीटक कोणत्या फांदीवर बसतो हे एका टक्केवारीपेक्षा जास्त सांगते. तरी वृक्षही नाव देत नाही, शेजार दाखवतो.

## १०. नाव लिहिण्याआधीची जुळणी

चार गोष्टी एकमेकींशी पटल्या पाहिजेत: यजमान व अवस्था, बाह्यरूप, पहिला मार्कर, दुसरा मार्कर. टार्सस तीन खंडांचा आणि सीओआय टेलेनोमसचा, असे झाले तर ट्यूब बदलली आहे. मागे जा, स्लाइड आणि डीएनएचे नंबर पडताळा. दोन मार्कर दोन प्रजाती सांगत असतील तर त्यातले आवडीचे नाव निवडू नका. वोल्बाकियामुळे मायटोकॉन्ड्रिया एका प्रजातीतून दुसरीत पसरलेला असू शकतो. अशा वेळी केंद्रकातल्या मार्करला आणि नराच्या जननांगाला जास्त वजन द्या.

पटले नाही तर ‘ट्रायकोग्रामा, प्रजाती अनिश्चित’ असे लिहा आणि नमुना क्रमांक जोडा. परीक्षकापुढे हे कमी दिसेल, पण पुढच्या संशोधकाला उपयोगी पडेल.

स्लाइड कॅनडा बाल्समवर कायमची करा. तिच्यावर डीएनए ट्यूबचाच क्रमांक टाका. नमुने विद्यापीठाच्या कपाटात न ठेवता मान्य संग्रहात द्या: बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था, दिल्लीचा राष्ट्रीय पुसा संग्रह, किंवा पुण्यात आकुर्डीला असलेले भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र. नमुना किंवा डीएनए परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहा, पार्सल बांधल्यावर नव्हे.

## ११. ट्रायकोकार्ड बनवणाऱ्यांसाठी

वसाहतीत दुसरी प्रजाती शिरली तर ती डोळ्याला दिसत नाही आणि काही पिढ्यांत मूळ प्रजातीला मागे सारू शकते. खोलीत एकाहून जास्त प्रजाती वाढवत असाल तर धोका रोजचाच. नवी वसाहत आणली की तिच्यातले २०-३० कीटक इथेनॉलमध्ये ठेवा, तो तुमचा मूळ पुरावा. नंतर ठरावीक पिढ्यांनी वेगवेगळ्या कार्डांवरून तेवढेच कीटक घ्या, प्रत्येकाचा आयटीएस-२ स्वतंत्र वाढवा आणि मूळ कीटकांच्या शेजारी एकाच जेलवर चालवा. पट्ट्याची उंची वेगळी दिसली तर तो कीटक सिक्वेन्सला पाठवा. उंची सारखी असली तरी दोन-चार नमुने पाठवाच, कारण जवळच्या लांबीचे आयटीएस-२ जेलवर वेगळे दिसत नाहीत. निकाल येईपर्यंत त्या खेपेची कार्डे शेतकऱ्याला देऊ नका.